एमजीबीचा डॅशबोर्ड उतरवताना

काटा पाव टाकीच्या वर होता आणि तरीही गाडी रस्त्याच्या कडेला गप्प झाली. डब्यातलं पेट्रोल ओतल्यावर पहिल्या प्रयत्नात सुरू झाली, म्हणजे इंजिनचा दोष नव्हता, काटा खोटा होता. त्याआधी महिनाभर रात्री स्पीडोमीटरचा दिवा मिचमिचत होता. समोरच्या काचेवरची वाफ घालवणारी गरम हवा एका बाजूला येतच नव्हती. आणि किल्लीभोवतीचा डॅशबोर्डचा काळा रंग उडून खालचा पत्रा दिसायला लागला होता. ही सगळी दुखणी एकाच पत्र्याच्या मागे-पुढे होती. एकेकाला हात घालत बसण्यापेक्षा डॅशबोर्ड उतरवायचा आणि सगळं एकदाच बघायचं असं ठरवलं. या गाडीचे ब्रेक, कार्बोरेटर, क्लचचा सिलिंडर हे सगळं मी स्वतः उघडून बसवलेलं आहे, पण डॅशबोर्डला हात लावायला इतकी वर्षं धीर होत नव्हता.

गाडी 1966 सालची एमजीबी, उघड्या टपाची, दोन जणांची, उजव्या स्टिअरिंगची. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात या गाड्या तयार झाल्या, पाच लाखांहून जास्त. सुरुवातीच्या गाड्यांचा डॅशबोर्ड पत्र्याचा आहे आणि त्यावर सुरकुत्या पडलेला काळा रंग आहे. हा रंग वाळताना मुद्दाम आकसतो, त्यामुळे पत्रा खडबडीत दिसतो आणि ऊन पडलं तरी डोळ्यांवर चमकत नाही. 1968 पासून सुरक्षेच्या नियमांमुळे अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना उशीसारखा जाड, मऊ डॅशबोर्ड आला. तो उन्हानं तडकतो आणि एकदा तडकला की त्याचं फारसं काही करता येत नाही. पत्र्याचा डॅशबोर्ड मात्र खरवडून पुन्हा नवा करता येतो. मला तोच जास्त आवडतो. त्यात लपवाछपवी नाही, जे मीटर दिसतं ते पत्र्यातल्या गोल भोकात मागून क्लॅम्प लावून धरलेलं असतं, बस्स.

काम सुरू करण्याआधी दोन संध्याकाळ नुसतं गाडीच्या तळाशी उताणं पडून वर बघण्यात घालवल्या. हा वेळ वाया गेला असं मला एकदाही वाटलं नाही. त्यातून एक गोष्ट कळली आणि पुढचं सगळं काम तिच्यावरच चाललं. या डॅशबोर्डला धरून ठेवणारे नट आणि स्क्रू थोडेच आहेत. त्याला खरं अडकवून ठेवतात त्या त्याच्यातून आरपार जाणाऱ्या गोष्टी. चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या बटणाची केबल डॅशबोर्डमधून निघून इंजिनपर्यंत जाते. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सपर्यंत जाते. काच धुण्याच्या हातपंपाच्या नळ्या पाण्याच्या बाटलीपर्यंत जातात. आणि तेलाचा दाब व पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या दुहेरी मीटरच्या दोन धातूच्या नळ्या थेट इंजिनला जोडलेल्या असतात. म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड एकमेकांना बांधलेले आहेत, आणि गाठी इंजिनच्या बाजूनं सोडायच्या आहेत. नट शेवटी.

पहिलं काम बॅटरीचं. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटांच्या मागे, जमिनीतल्या झाकणाखाली, एकीला एक जोडून बसवलेल्या असतात. शिवाय 1966 च्या गाडीत अर्थ (बॅटरीची गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी) धन टोकाचा असतो, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. सवयीनं ऋण टोक अर्थ समजून पाना लावला आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडणार. मी आधी झाकणावर खडूनं मोठं अधिकचं चिन्ह काढलं आणि मगच हात घातला. ही काळजी इथे जास्तच घ्यावी लागते, कारण अख्ख्या गाडीला मिळून दोनच फ्यूज आहेत. बॅटरीकडून येणारी तपकिरी वायर फ्यूजशिवाय डॅशबोर्डच्या मागे फिरते, किल्ली बंद असतानाही तिच्यात वीज असते. हेडलाइट आणि इग्निशनलाही फ्यूज नाही.

मग इंजिनची बाजू. दुहेरी मीटरची तापमानाची नळी ही या सगळ्या कामातली सर्वांत नाजूक वस्तू. तारेएवढी बारीक, आतून पोकळ, आत ईथर भरलेलं. तिचं एक टोक म्हणजे सिलिंडर हेडमध्ये खुपसलेला पितळी बल्ब. पाणी तापलं की बल्बातल्या ईथरची वाफ होते, वाफेचा दाब नळीतून मीटरपर्यंत पोचतो आणि मीटरच्या आतली वाकडी नळी सरळ व्हायला बघते, तिच्यासोबत काटा हलतो. वीज नाही, वायर नाही. नळीला एक बारीकशी चीर गेली की ईथर उडून जातं आणि मीटर कायमचं थंड दाखवतं. साध्या हातानं ते दुरुस्त होत नाही, नवी नळी, नवा बल्ब आणि नवं ईथर लागतं.

मला वाटलं होतं की मीटर पुढून सोडवून लोंबकळत ठेवता येईल आणि बल्बाला हात लावावाच लागणार नाही. पण मीटरची चकचकीत कडी भोकापेक्षा मोठी असते, त्यामुळे मीटर फक्त पुढच्या बाजूनं निघतं, मागे जात नाही. पुढून काढलं तर नळी भोकातून ओवलेलीच राहते. म्हणजे बल्ब हेडमधून काढल्याशिवाय डॅशबोर्ड गाडीतून वेगळा होणं शक्यच नाही. कागदावर चित्र काढून पाहिलं, दुसरा मार्ग सापडला नाही.

बल्ब काढायच्या चार दिवस आधीपासून मी रोज त्याच्या नटावर गंज सोडवणारं तेल टाकत होते. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरमधलं थोडं पाणी काढलं, बल्बाच्या पातळीच्या खाली येईल इतकंच. नट फिरवताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवायचं असतं. नट फिरला पाहिजे, आतला बल्ब फिरता कामा नये. गंजामुळे दोघं एकमेकांना धरून बसलेले असतात, आणि बल्ब नटासोबत फिरला की त्याला जोडलेली नळी दोरीसारखी पिळली जाते. पहिल्या पाव फेऱ्यात नळी हलताना दिसली. मी पाना तिथेच सोडला. पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. दुसऱ्या दिवशी नट थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे, असं करत अर्धा तास घालवला, तेव्हा कुठे तो एकटा फिरायला लागला आणि नळी स्थिर राहिली. बल्ब बाहेर आला तेव्हा त्याच्यावर पांढरट क्षाराचा थर होता. त्याला जुन्या मोज्यात गुंडाळलं, नळीचे सगळे वेटोळे तसेच ठेवले आणि इंजिन व केबिनमधल्या पत्र्यातल्या रबरी बुशातून हळूहळू आत ओढून घेतलं. ते वेटोळे शोभेसाठी नसतात. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, आणि तो फरक वेटोळे झेलतात. सरळ करून बसवलेली नळी काही काळानं तुटते.

तेलाची नळी सोपी होती. मीटरच्या मागचा नट सोडला, खाली कापड धरलं, दोन-चार थेंब पडले. नटाच्या आत चामड्याचं एक चिमुकलं वॉशर असतं. ते पडू नये म्हणून बोटावर टिपून घेतलं आणि डबीत टाकलं. चोकची तार कार्बोरेटरपाशी सोडवली आणि केबल आत ओढली. काच धुण्याच्या पंपाच्या दोन्ही नळ्यांना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावली, कारण एक पाणी ओढते, दुसरी फेकते, आणि पंपावर बघून कुठली कोणती ते मला ओळखता आलं नव्हतं.

स्टिअरिंगचा दांडा खाली घेतल्याशिवाय डॅशबोर्डला बाहेर यायला जागा मिळत नाही. वरच्या ब्रॅकेटचे बोल्ट काढायचे आणि खालचे सैल करायचे. इथे एक सूचना प्रत्येकानं मनावर कोरून घ्यावी. ब्रॅकेट आणि बॉडी यांच्या मध्ये पातळ वॉशर भरलेले असतात, प्रत्येक बोल्टापाशी वेगवेगळ्या संख्येनं आणि वेगवेगळ्या जाडीचे. कारखान्यात दांडा सरळ रेषेत आणण्यासाठी ते प्रत्येक गाडीत मोजून भरले होते. ते सांडले किंवा एकमेकांत मिसळले तर दांडा किंचित तिरका बसतो आणि खालच्या सांध्यावर कायमचा ताण येतो. मी बोल्ट सैल करण्याआधी प्रत्येकाखाली तळहात धरला, वॉशर जसे निघाले तसेच त्याच क्रमानं त्याच बोल्टावर ओवले, वर नट लावला आणि बोल्टाला क्रमांकाची चिठ्ठी बांधली.

आतापर्यंत एकटीनं केलं होतं. मीटर काढायच्या दिवशी भाची मदतीला आली. तिचं काम लिहिणं आणि फोटो काढणं. मी वायर सोडायच्या आधी रंग सांगायचा, ती चिठ्ठीवर लिहायची, फोटो घ्यायची, आणि मगच वायर निघायची. या काळातल्या ब्रिटिश गाड्यांची वायरिंगची भाषा एकदा कळली की फार सोयीची आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट आलेली. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून आलेली. जांभळी फ्यूजमधून आलेली पण कायम जिवंत. लाल पार्किंगच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची, लालवर पांढरी रेघ मीटरच्या दिव्यांची, काळी अर्थची. अडचण इतकीच की साठ वर्षांच्या धुळीनं आणि उष्णतेनं पांढरी पिवळट होते आणि जांभळी तपकिरी दिसायला लागते.

"मावशी, ही तपकिरी म्हणालीस, पण आतून जांभळी आहे," भाची म्हणाली. तिनं वायरचं टोक ओल्या कापडानं पुसलं होतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक वायर आधी पुसली आणि मग तिचं नाव लिहिलं.

मीटर काढणं हाताला फार समाधान देणारं काम आहे. प्रत्येक मीटरमागे इंग्रजी यू अक्षरासारखी पट्टी असते आणि ती दातेरी कडेच्या नटांनी घट्ट बसते. पाना लागत नाही, दोन बोटं पुरतात. फक्त ती बोटं अंधारात, वायरांच्या गुंत्यातून, मनगट उलटं वळवून तिथवर पोचवावी लागतात. स्पीडोमीटरची केबल मोठ्या दातेरी नटानं अडकलेली होती, आणि प्रवासाचे मैल शून्यावर आणायची लवचिक कांडी डॅशबोर्डच्या खालच्या कडेला वेगळी बसवलेली होती. ती आधी सोडली नाही तर मीटर अर्धं बाहेर येऊन अडतं आणि माणूस उगीच ओढत बसतो.

इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरमागे एक वेगळीच रचना आहे. इग्निशनकडून कॉइलकडे (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या भागाकडे) जाणारी पांढरी वायर या मीटरच्या पाठीवरच्या छोट्या ठोकळ्यात एक वळसा घेऊन पुढे जाते. कॉइलकडे जाणारा प्रवाह प्रत्येक ठिणगीला तुटतो आणि जुळतो, मीटर ते ठोके त्या वळशातून ओळखतं. ही वायर अखंड असते, तिला कापायचं कारण नाही. ठोकळ्याचे नट सोडले की वळसा अलगद निघतो. वळसा कोणत्या दिशेनं घेतला होता ते आम्ही लिहून ठेवलं. निदान मला तसं वाटत होतं.

मीटर निघाल्यावर पत्र्यात मोठी गोल भोकं मोकळी झाली आणि मागे हात घालायला वाट मिळाली. म्हणूनच मीटर आधी काढावीत असं मी सांगेन. काही जण मीटरसकट अख्खा डॅशबोर्ड पुढे कलंडवतात, पण मग प्रत्येक वायर ताणावर असते आणि वरचे नट दिसतही नाहीत. जॅग्वार ई-टाइपच्या कारागिरांनी या बाबतीत नंतरच्या माणसाचा जास्त विचार केला होता. त्या गाडीत मधल्या भागाचे वरचे दोन स्क्रू सोडले की फलक पेटीच्या झाकणासारखा पुढे उघडतो आणि सगळं समोर येतं. एमजीबीत ती सोय नाही.

हीटरच्या दोन गोल बटणांनी वेळ खाल्ला. त्यांच्यावर स्क्रू दिसत नाही. बगलेत टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं, त्यातून बारीक तार खुपसून आतली स्प्रिंगची खुंटी दाबायची आणि त्याच वेळी बटण ओढायचं. खुंटी गंजलेली असेल तर बटण येत नाही, आणि जोर केला तर प्लॅस्टिक तडकतं. थोडं तेल, थोडा वेळ. बटण निघाल्यावर मागचा नट सोडून नियंत्रणं डॅशबोर्डच्या मागे ढकलली, केबलींना हात लावायची गरज पडली नाही. खटक्यांच्या बटणांच्या कड्या मात्र पकडीनं फिरवू नयेत, ओरखडे कायमचे राहतात. त्यांना दोन खाचा असतात. जुन्या पट्टीला कानशीनं दोन दात काढून मी त्यासाठी एक हत्यार केलं होतं, ते सगळ्या कड्यांना चाललं.

मग उरले फक्त नट. खालच्या कडेचे स्क्रू समोर दिसतात. वरच्या कडेला पत्र्यातून मागे निघालेले आटे आणि त्यांच्यावर नट, काचेच्या अगदी खाली, जिथे डोळा पोचत नाही. पाठ जमिनीवर, पाय सीटवर, डोकं पेडलांपाशी. मोकळ्या भोकांतून हात वर घालून बोटांनीच नट शोधायचा, मग सॉकेट लावायचं. मधले नट निघाले. उजव्या कोपऱ्यातला शेवटचा काही केल्या हलेना. भाचीनं आरसा आणि विजेरी धरली होती.

"मावशी, तू आवळतेयस," ती म्हणाली.

खरंच आवळत होते. उताणं पडून डोक्याच्या वर हात नेऊन, शिवाय आरशात बघून फिरवताना दिशा उलटी होते, आणि इतका वेळ बोटांच्या भरवशावर बरोबर चाललेलं काम डोळ्यांनी बघायला गेल्यावर चुकलं. डोळे मिटले आणि पुन्हा बोटांवर सोपवलं. नट निघाला आणि सॉकेटमध्ये पडल्याचा आवाज आला.

डॅशबोर्ड जागेवरच राहिला. इतकी वर्षं रबर आणि रंगानं त्याला धरून ठेवलं होतं. दोघींनी दोन टोकं धरून किंचित हलवलं, कुठे काही ताणलं जातंय का ते पुन्हा एकदा तपासलं, आणि मग तो खाली, मागे, स्टिअरिंगच्या वरून तिरका करत बाहेर आला. हातात घेतल्यावर वाटलं त्यापेक्षा हलका होता.

त्यामागे जे दिसलं ते बघत आम्ही बराच वेळ बसलो. माझी गाडी लाल आहे. लालच म्हणून मी तिला ओळखते. डॅशबोर्डच्या मागचा सगळा पत्रा मात्र फिकट निळा होता. तो एमजीबीचा मूळचा आयरिस ब्लू. 1966 साली कारखान्यातून निघताना ही गाडी निळी होती. नंतर कोणीतरी डॅशबोर्ड न काढता तिला लाल केलं, आणि जिथे फवारा पोचला नाही तिथे तो निळा तसाच राहिला, अजून चकचकीत. मी कापडानं पुसत गेले आणि निळा उजळत गेला. माझ्या आधी ही गाडी किती जणांनी चालवली ते मला माहीत नाही. पण त्या कोपऱ्यात गाडीचा पहिला दिवस शिल्लक होता.

दुखण्यांची कारणं एकेक करून सापडली. काचेवर हवा नेणारी लवचिक नळी हीटरवरून निसटून खाली पडली होती. स्पीडोमीटरची काळी अर्थ वायर मीटरच्या नटाखाली दाबलेली असायला हवी होती, ती मोकळीच लोंबत होती. मीटरचा दिवा मीटरच्या डबीतूनच अर्थ घेतो, म्हणून डबी पत्र्याला टेकली की पेटायचा आणि हादरली की विझायचा. आणि कधीकाळी बसवलेल्या, आता नसलेल्या रेडिओची एक लाल वायर सरळ तपकिरीला पिळून जोडलेली होती. फ्यूज नाही, सोल्डर नाही, वर नुसती कापडी पट्टी. तिचं दुसरं टोक उघडं होतं. आजूबाजूच्या दोन वायरांचं आवरण वितळून एकमेकांना चिकटलं होतं. ते बघून माझ्या पोटात खड्डा पडला. इतकी वर्षं मी त्याच्यासमोर बसून गाडी चालवत होते.

पेट्रोलच्या काट्याचं उत्तर सर्वांत शेवटी मिळालं, आणि मला सर्वांत जास्त आनंद त्याचाच झाला. बॅटरीचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, इंजिनच्या वेगासोबत कमी-जास्त होतो. त्यामुळे काटा नाचू नये म्हणून डॅशबोर्डच्या मागे काडेपेटीहून लहान अशी एक डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्यात दोन धातूंची जोडपट्टी आणि तिच्याभोवती तापणारी तार असते. पट्टी तापली की वाकते आणि संपर्क तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. अशी उघडझाप होत होत मीटरला सरासरी 10 व्होल्ट मिळतात. मीटरमध्येही तशीच संथ पट्टी असल्यामुळे काट्याला ही उघडझाप जाणवत नाही. पण ती तापणारी तार काम करते डबीच्या अर्थमधून. अर्थ नसेल तर तार तापत नाही, संपर्क तुटत नाही, आणि बॅटरीचा सगळा दाब मीटरवर येतो. मग काटा असेल त्यापेक्षा जास्त पेट्रोल दाखवतो. माझ्या गाडीत कोणीतरी ही डबी जागेवरून हलवून, आडवी करून, रंग न खरवडता नव्या भोकात स्क्रूनं लावली होती. तो स्क्रूही ढिला होता. आणि तिची मूळ जागा निळ्या पत्र्यावर स्पष्ट दिसत होती, एक भोक आणि त्याच्याभोवती उघड्या धातूचं वर्तुळ, कारखान्यात खरवडलेलं.

मी त्याआधी टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी कळवणारा तरंगता भाग, काढून तपासला होता, तो चांगला निघाला होता. तेव्हाच स्टॅबिलायझरचा संशय यायला हवा होता. पाण्याचं मीटर ईथरवर चालतं, विजेवर नाही, म्हणून ते बरोबर दाखवत राहिलं आणि मला वाटलं की दोष फक्त पेट्रोलच्या मीटरचाच.

वायरिंगला चार दिवस लागले. रेडिओची वायर काढून टाकली, वितळलेले तुकडे त्याच रंगाच्या वायरीनं बदलले. रंग बदलून काम भागतं, पण पुढच्या माणसाला ही भाषा वाचता आली पाहिजे. डबी मूळ भोकात, उभी, धातू घासून चकचकीत करून बसवली.

डॅशबोर्डच्या रंगाचं थोडक्यात सांगते. जुना रंग पत्र्यापर्यंत काढला, प्रायमर दिला. सुरकुत्यांचा रंग जाड द्यावा लागतो, पातळ दिला तर सुरकुत्या पडतच नाहीत. एक थर आडवा, एक उभा, एक तिरका, मध्ये काही मिनिटांचंच अंतर, आणि मग सगळीकडे सारखी ऊब. एका बाजूला जास्त ऊब लागली की तिथल्या सुरकुत्या वेगळ्या होतात. मी आधी पत्र्याच्या तुकड्यांवर तीनदा करून पाहिलं. डॅशबोर्डवर पहिल्यांदा दिलेला रंग डाव्या टोकाला गुळगुळीत राहिला, म्हणून तो सगळा काढून पुन्हा दिला.

परत बसवताना कामाच्या पुस्तकात एकच ओळ असते, की काढण्याचा क्रम उलटा करा. ती ओळ पुरेशी नाही. डॅशबोर्ड चढवण्याआधी हीटरची नळी बसवून पट्टीनं बांधावी लागते, कारण नंतर हात पोचत नाही. बल्ब आणि त्याची नळी पत्र्याच्या भोकातून ओवून आधी इंजिनकडे न्यावी लागते. वरचे नट सगळे अर्धवट लावून मग आवळायचे, एक जरी आधी आवळला तर दुसऱ्याचा आटा भोकासमोर येत नाही. प्रत्येक मीटरच्या नटाखाली काळी वायर आहे ना, हे भाचीनं यादी घेऊन विचारलं आणि मी प्रत्येक वेळी बोटानं चाचपून हो म्हटलं. स्टिअरिंगचे वॉशर आपापल्या बोल्टावरून आपापल्या जागी गेले. चामड्याचं वॉशर तेलात भिजवून बसवलं.

बॅटरी जोडण्याआधी तपकिरी आणि अर्थ यांच्यात वीज तपासायचं मीटर लावून पाहिलं, कुठे काही चिकटलेलं नव्हतं. मग बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. धूर नाही, वास नाही. इंजिन सुरू झालं, तेलाच्या दाबाचा काटा वर चढला. पण फेऱ्यांचा काटा शून्यावरच. भाचीनं काढलेला फोटो मोठा करून पाहिला. पांढऱ्या वायरचा वळसा मी उलट्या दिशेनं घातला होता. चिठ्ठीवर नुसतं 'वरून खाली' लिहिलेलं होतं, पण ते डॅशबोर्डच्या मागून बघून की पुढून, ते लिहायचं राहिलं होतं. मीटर पुन्हा बाहेर काढलं, वळसा फिरवला, आणि काटा उठला.

दुहेरी मीटरमागे तेलाच्या नटाखाली कोरडा कागद धरून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. कागदावर एक ठिपका आला. नट पाव फेरा आवळला, नवा कागद धरला, तो कोरडा राहिला.

शेवटी पेट्रोल. टाकी आधीच पूर्ण रिकामी करून ठेवली होती. या गाडीची टाकी 54 लिटरची, म्हणून मापानं साडेतेरा लिटर ओतलं. किल्ली फिरवली. या मीटरचा काटा झटकन उठत नाही, आतली पट्टी तापत जाते तसा तो सावकाश सरकतो. आम्ही दोघी सीटवर बसून त्याच्याकडे बघत होतो. तो पावाच्या खुणेजवळ आला आणि तिथे थांबला.